तुमच्या पोटाचा घेर आन् माझं ताट

अहो, येणारं-जाणारं माणूस मला एकच विचारायलंय. "एवढं अंग कमावलं, एवढं पोट उतरवलं, काय उपयोग झाला मग?" माझ्यासमोर बसून विचारतेत, हातात आपल्याच घरातला चहाचा कप धरून. मी पदर तोंडाला लावून गप बसते. त्यांना वाटतंय मी रडायलेय. रडत नसते मी तवा, राग आवरत असते.

तुमी असताव तर हसून सोडून दिलं असतं. "जाऊ दे गं, आधी त्यांचं पोट बघ," म्हणून चपला घालून दुकानाकडं निघाला असताव. मला तसं सोडून देता येत न्हाई, ते तुमाला चांगलं ठाव आहे. अजून महिना भरला न्हाई. हायवेवरच्या ढाब्यातून उलटी येणारी लॉरी, तुमची मोटारसायकल, भर दुपार. ह्याच्यापुढं मला कुणी नीट सांगितलं न्हाई, आन् मी विचारलं बी न्हाई. डाक्टर आपल्या लेकाला, बसूला म्हणला म्हणं, काका अंगानं लई मजबूत होते. आपला बसू ते मला सांगताना असा हुंदका देऊन रडला, की मलाच त्याला धरावं लागलं.

उपयोग काय झाला ते मला सांगायचंय. त्या लोकांना न्हाई, तुमाला. तुमाला सगळं ठाव असलं तरी पहिल्यापासून सांगते. माझं बोलणं मधेच तोडायची सवय तुमाला होती, आता तेवढं तरी ऐकून घ्या.

भालकीचं लग्न आठवतंय का? तुमच्या मामेभावाच्या पोरीचं. जमिनीवर पंगत बसायली होती. तुमी मांडी घालायला गेलाव आन् पोट मधे आलं. एक पाय दुमडला, दुसरा दुमडंना. शेजारचा माणूस सरकला, त्याच्या शेजारचा सरकला, तरी जमंना. मग कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "अण्णाला खुर्ची आणा रे, खुर्ची!" पंगतीच्या टोकाला तुमी एकटे खुर्चीवर, ताट मांडीवर, आन् वाढणारे बादली उचलून उचलून तुमाला वाढायलेत. आमटी सदऱ्यावर सांडली. लेकरं हसायली. तुमी बी हसलाव, पण मी बायकांच्या पंगतीतून बघत होते, तुमचं हसू खोटं होतं. येताना गाडीवर मी एकटीच बडबडत होते. घरी आल्यावर तुमी सदरा काढून आरशापुढं उभारलाव. मी विचारलं, "काय बघायलाव?" तर म्हणलाव, "हे कधी झालं गं?"

कधी झालं म्हणजे? आपलं ढोरांच्या पेंडीचं दुकान. सकाळी गादीवर बसायचं ते दिवे लागंपर्यंत. गिऱ्हाईक आलं की चहा, गिऱ्हाईक गेलं की भजी. घरी आलं की भात, भातावर आमटी, आमटीवर परत भात. पोट काय एका रात्रीत येतंय का? मी तेच बोलले आन् तुमी फुगून बसलाव.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आलाव ते वेगळंच तोंड करून. दारातच सुरू केलं. "अगं, बैलाच्या अंगात ताकद यावी म्हणून आपण हुलगे शिजवून घालतो. म्हशीनं दूध द्यावं म्हणून सरकीची पेंड घालतो. सगळ्या तालुक्यातल्या ढोरांनी काय खावं ते मी सांगतो. आन् मी काय खातो? भात." मला हसू आवरंना. म्हणलं, "मग काय पेंड कालवू का तुमाला?" तुमी गंभीर तोंड करून म्हणलाव, "पेंड नको. हुलगे भिजव." त्या दिवसापासून आपल्या घराचं दावणीत रूपांतर झालं, असं मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले. तुमाला त्याचं वाईट वाटलं न्हाई कधी. उलट शेजारची गौराक्का आली की तुमीच सांगायचाव, "या अक्का, आंबोण खायचा टाइम झाला माझा."

मग ती जिम. हुमनाबादला टायरच्या दुकानाच्या माडीवर, वर पत्रा आन् भिंतीभर आरसे. पन्नाशी उलटलेला माणूस धोतर सोडून लेकाची ढगळी पँट घालून तिथं गेला. तिथं शिकवणारा इरफान, आपल्या बसूपेक्षा बी ल्हान. त्यानं पहिल्या दिवशी अंडी आन् चिकन सांगितलं, तुमी गळ्यातलं लिंग दाखवलं, आपण लिंगायत, अंडं-मटण चालत न्हाई. पोरगं हसलं न्हाई का वाद घातला न्हाई. म्हणला, "तो फिर दाल खाव चाचा, डबल खाव. चावल आधा करो. ताक, पनीर, सोया, हुलगे, सब चलता. तेल कम." तुमी विचारलं, बाबा, पोटाचाच तेवढा व्यायाम सांग की. तवा म्हणला, "अकेला पेट नै उतरता चाचा, पूरा बदन उतरना पडता." हे तुमी मला येता-जाता ऐकवलं. कुकरची शिट्टी झाली तरी ऐकवलं.

आन् त्रास कुणाला? मला! आमटी नको, घट्ट वरण कर, पळी उभी राहिली पायजे. तेलाची पळी लपवून ठेवली तुमी, मी चमच्यानं फोडणी द्यायचे आन् मनात शिव्या मोजायचे. शेंगदाण्याची चटणी तुमचा जीव की प्राण, तिचा डबा तुमी स्वतःच्या हातानं वरच्या फळीवर ठेवला. ताकावरचं लोणी बसूला, साय बसूला. ते सोयाचे गोळे तर मला बघवत न्हवते, पाण्यात टाकले की फुगतेत आन् चावले की रबर. आन् हुलग्यानं पोटात वारा धरला की विचारूच नका. सून नवीन होती घरात, संगीता बिचारी तोंडात पदर कोंबून परसात पळायची. तुमी मात्र बिनलाजे. म्हणायचाव, "इंजिन सुरू झालं, आता गाडी निघंल."

पहिले पहिले पोट हललंच न्हाई. हात मात्र असे दुखायचे की सदरा घालता यायचा न्हाई. लेकरावानी हात वर करून उभारायचाव, मी बाही घालायचे, गुंड्या लावायचे. तवा मला वाटलं होतं, हे चार दिवसाचं याड आहे, उतरंल. तुमी हरताल आन् परत भजी खाताल, ह्याची मी वाट बघत होते. खरंच बघत होते. एकटीनं चमच्यानं फोडणी द्यायचा कंटाळा आला होता मला.

पण तुमचा करदोडा ढिला झाला. तुमी वजनकाट्यावर कधी चढला न्हाईत, काटा दुकानात पोत्यांसाठी आहे म्हणायचाव. कमरेचा काळा करदोडा हेच तुमचं माप. एका सकाळी आंघोळ करून आलाव आन् म्हणलाव, "बघ गं, हा खाली घसरायलाय." मी गाठ सोडली, ओढून घट्ट बांधली, उरलेलं टोक कातरीनं कापलं. तुमाला कोण आनंद! मग ते आपलं ठरूनच गेलं. करदोडा ढिला झाला की मला हाक मारायचाव, कुणी घरात असो नसो. मी मागून दोन्ही हात घालून गाठ बांधायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, लेकाचं लग्न झालं, पण एवढ्या उजेडात मी तुमच्या कमरेला कधी हात घातला न्हवता. आधी माझे हात एकमेकाला पोचत न्हवते. नंतर पोचले. नंतर एक हात दुसऱ्या हाताचं मनगट धरायला लागला, आन् गाठ बांधून झाली तरी मी जरा तशीच उभारायचे.  

आता उपयोगाचं सांगते. मोरीत आंघोळ करताना माझा गुडघा अडकला, तो दिवस. बसले ती उठताच येईना. हाताला काही धरायला न्हाई, ओलं लुगडं अंगाला गुंडाळलेलं, लाजेनं हाक बी मारता येईना. शेवटी ओरडले. तुमी आलाव, वाकलाव, एक हात पाठीखाली आन् एक गुडघ्याखाली घातला आन् मला उचललं! मी म्हणतेय, "अहो, सोडा, पाठ धरंल तुमची, सोडा!" आन् तुमी मला मोरीतून बाहेर, सैपाकघरातून मधल्या खोलीत, तिथून खाटंवर. मधे संगीता भाकरी थापत बसली होती. तिनं बघितलं, मान खाली घातली, आन् तव्यावरची भाकर करपली. तुमी मला खाटंवर ठेवलं आन् म्हणलाव, "पोत्यापेक्षा हलकी आहेस." दम लागला न्हवता तुमाला. मी तोंड फिरवून हसत होते का रडत होते ते मलाच कळंना. मला आयुष्यात कुणी उचललं न्हवतं. लेकरू असताना उचललं असंल, ते कुणाला आठवतंय? हा उपयोग झाला. आता हे मी त्या चहा पिणाऱ्या लोकांना सांगू का?

आन् तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मला खाटंवर ठेवताना तुमी माझे सुकलेले हात बघितले. मग मला हुमनाबादला दाखवायला नेलं. डाक्टरीणबाई म्हणल्या, हातापायात मांस न्हाई, सगळं पोटावर आहे, गुडघ्याला धरून ठेवायला काही राहिलंच न्हाई. काय खाता, विचारलं. मी म्हणलं, सगळं खाते की. तुमी माझ्याकडं असं बघितलं, की मला खुर्चीत बसवंना.

दुसऱ्या दिवशी तुमी दुकान सोडून सैपाकघराच्या उंबऱ्यात बसलाव. काय बघायलाव म्हणलं, तर नुसतंच, "तुझं चालू दे." तुमचं ताट झालं, बसूचं झालं, संगीताला वाढलं. वरण संपलं होतं. मी पातेलं पाण्यानं विसळून भातावर घेतलं, वर लोणच्याची फोड. रोजच्यासारखंच की! आन् तुमी उठून माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "हे कधीपासून?" विचारलं. आता काय सांगू, कधीपासून? लग्न होऊन आले तवापासून. आईच्या घरी बी आई तसंच जेवायची. तुमचे हुलगे मी शिजवायचे, मोड काढायचे, पनीरसाठी दूध फोडायचे, आन् त्यातला एक घास माझ्या तोंडात गेला न्हवता. मला कुणी नको म्हणलं न्हवतं. माझ्याच मनात कधी आलं न्हाई.

मग तुमी ते बोललाव. "दुधाच्या म्हशीला आंबोण आधी घालतेत का शेवटी?" मी तवा भडकले. "मला म्हस म्हणायलाव?" आदळआपट केली. तुमी म्हणायलाव, अगं तसं न्हाई, आन् मी ऐकतच न्हाई. तुमी म्हणायलाव, माझ्या दुकानात बिनशिकलेला माणूस बी येऊन सांगतो की जी राबती तिला आधी. मी म्हणलं, मग जावा त्या म्हशीसंगं संसार करा. गौराक्का भिंतीपलीकडून ऐकत होती, ती दोन दिवस मला म्हस म्हणून हाका मारायली.

पण तुमी सोडलं न्हाई. दुपारचा डबा बंद केला, दुकानाला कुलूप लावून घरी जेवायला यायलाव. कामून, तर माझ्यासंगं बसायचं. ताट वाढलं की हात गुडघ्यावर ठेवून बसायचं. "तू घे आधी." मी म्हणायचे, "तुमचं होऊ द्या." "न्हाई. आधी तू." वरण निवायचं, भाकर वाळायची. मी एक तुकडा मोडून तोंडात घातल्यासारखं करायचे, तुमी जेवायला लागलाव की हात मागं घ्यायचे. तुमच्या ध्यानात यायचं, परत हात गुडघ्यावर. दोन म्हातारी माणसं ताटावर भांडायलेत हे बघून संगीता हसून लोळायची. मला खरंच गिळत न्हवतं हो. तुमी उपाशी समोर आन् मी खायलेय, घशाखाली उतरत न्हवतं. ती माया होती का नुसती सवय, ते मला आज बी सांगता येणार न्हाई.

येळवशीला, येळ अमावस्येला, तर तुमी कहर केला. सगळे रानात, कडब्याची खोपटावानी कोप घातलेली, पांडवांची पूजा झालेली, तुमचे भाऊ, भावजया, बीदरवरून मैलूरचे पाव्हणे, सगळी माणसं चवाळ्यावर बसलेली. तुमी मांडी घालून बसलाव! दोन्ही पाय दुमडून, पाठ ताठ. तुमचे धाकटे बंधू म्हणले बी, "अण्णा, खुर्ची नको का?" तुमी नुसतं हसलाव, ह्या खेपेला खरं हसलाव. मला एवढं बरं वाटलं की मी माठातली अंबील ओतताना तुमाला दोनदा वाढली. आन् तेवढ्यात तुमी भज्जीचं, त्या सगळ्या दाण्यापाल्याच्या भाजीचं, पातेलं ओढलं, वालाचे दाणे, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे दाणे खालून डावानं उकरून काढले आन् सगळ्यांच्या आधी माझ्या पत्रावळीत वाढले. सगळ्यांसमोर! दिरांसमोर, जावांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊ फिस्कन हसली. मी ती पत्रावळ तशीच उचलून बसूपुढं ठेवली.  तुमचं तोंड उतरलं, आन् तुमी डाव पातेल्यात ठेवून दिला.

त्याच्यावर आपण बोललोच न्हाई. गाडीवरून येताना मला म्हणायचं होतं, की तुमी मांडी घालून बसला तवा लई देखणे दिसत होताव. म्हणायला तोंड उघडलं, तर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आन् तुमी शिव्या घालायला लागलाव. मग राहूनच गेलं. आता म्हणते. लई देखणे दिसत होताव.

तुमी गेलाव त्या दिवशी दुपारी फोन आला तुमचा. "सरकीची गाडी खाली करायलेत, मला वेळ लागंल. तू जेवून घे." मी म्हणलं, "या तुमी, मग बसू." तुमी म्हणलाव, "जेवून घे गं बाई, एकदा तरी ऐक." आन् हसलाव. मागं हमालाचा आवाज, गाडीचा आवाज. मी म्हणलं, "बरं बरं, ठेवा." एवढंच. कुणाचं शेवटचं बोलणं काय असतंय, लोकं काय काय सांगतेत. आपलं हे असं. जेवण.

तुमाला घरी आणलं तवा मला कोपऱ्यात बसवलं होतं. आपल्यात माणसाला बसवून माती देतेत. तुमचे भाऊ, गल्लीतली माणसं, इरफान. इरफान दारात चपला काढून कडंला उभा होता, बसूनं त्याला आत बोलावलं. त्यानंच तुमाला पाठीमागून काखेत हात घालून धरलं, बाकीच्यांनी पाय दुमडले. मठाचे स्वामी म्हणले, सावकाश, पाय वळत नसतेत अशा वेळी. पण तुमचे वळले हो. दोन्ही पाय दुमडले, मांडी बसली, पाठ भिंतीला ताठ. कपाळाला विभूती, गळ्यात हार, हातात लिंग. पोट मधे आलं न्हाई. इरफाननं हात काढून घेतले आन् भिंतीकडं तोंड करून उभारला, त्याचे खांदे हलायलेले मी बघितले. ज्या मांडीसाठी तुमी भात सोडला, भजी सोडली, ती मांडी ह्याच्यासाठी होती का? मी मोठ्यानं ओरडले म्हणं. मला आठवत न्हाई. गौराक्का सांगायली, मी ओरडले की, "उठवा त्यांना, जेवायचं राहिलंय त्यांचं."

करदोडा तोडला तुमचा. आंघोळ घालताना तोडतेत, रीत आहे. गाठ मीच बांधलेली, आदल्या आठवड्यात. मला बोलवायचं तरी होतं ना, असं वाटलं. तोडला तर तोडला, पण गाठ तरी मला सोडू द्यायची होती.

माती देऊन माणसं परत आली. चूल पेटवायची न्हवती. गौराक्कानं आपल्या घरून पिठलं-भाकर आणली, कडू घास म्हणून. सगळी बसली, दीर, जावा, बसू, पाव्हणे. आन् गौराक्कानं पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. मी ते ताट जावेकडं सरकवलं. ती म्हणली, "न्हाई अक्का, आज तुमी आधी. तुमी घास घेतल्याशिवाय कुणाला खाता येत न्हाई." सगळ्यांचे हात थांबलेले. एवढी माणसं ताटं घेऊन माझ्या तोंडाकडं बघायली. अहो, जन्मात पहिल्यांदा मला आधी वाढलं, ते तुमी गेल्यावर. तुमी एवढं भांडलाव, रुसलाव, हात गुडघ्यावर ठेवून उपाशी बसलाव, तवा जमलं न्हाई. गौराक्कानं माझ्या तोंडात घास कोंबला. पिठलं गिळंना, मी ते तसंच गालात धरून बसले, आन् मग सगळे जेवले.

त्याच्यानंतर मी नीट जेवलेच न्हाई, खोटं कामून बोलू. जाऊ म्हणायची, आता काय, एक वेळ पेज पुरे. पाव्हण्या बायका बी माना हलवायच्या. मला बी ते बरं वाटलं. चहा प्यायचा, पेजेचं पाणी प्यायचं, कोपऱ्यात बसायचं. बसूनं तुमच्या डब्यातले हुलगे बघितले आन् विचारलं, "आई, हे काय करायचं?" मी म्हणलं, "दे कुणाच्या बैलाला." त्यानं दिलं न्हाई. डबा परत फळीवर ठेवला.

काल काय झालं ते सांगते, ह्याच्यासाठीच तर एवढं बोलायलेय. पाव्हणे सगळे गेलेत. बसू दुकानात. दुपारी मी कोपऱ्यातून उठायला गेले आन् उठताच येईना. गुडघा न्हाई, सगळं अंगच. हात टेकला, हात घसरला. संगीता धावली, काखेत हात घालून ओढायली, तिला बी जमंना. दोघी परत खाली बसलो. तिचा दंड माझ्या हातात आला. तुमाला काय सांगू! काडी. कवळ्या पोरीचा दंड आन् नुसतं हाड. मी विचारलं, "जेवलीस का गं?" ती म्हणली, "तुमचं होऊ द्या अत्या, मग मी जेवते." मी म्हणलं, "मी न्हाई जेवत, तुला ठाव आहे." ती मान खाली घालून म्हणली, "मग मला बी गिळत न्हाई."

म्हणजे तुमी गेल्यापासून ती पोरगी माझ्यामागं उपाशी राहायलीय! आन् मला पत्ता न्हाई. मी आपली माझ्या दुःखात.

मला तुमचा असा राग आला, असा राग आला की विचारू नका. कशाला मरायचं होतं? भांडण अर्धं टाकून कुणी जातंय का? मी भिंत धरून उठले. फळीवरनं डबा काढला, हुलगे कुकरला लावले. भिजवायला वेळ न्हवता, शिट्ट्या जास्त केल्या. वरण लावलं, घट्ट. दोन भाकरी थापल्या, वाकड्या झाल्या. संगीता म्हणली, "मी वाढते अत्या." म्हणलं, "तू गप बस समोर." जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघा ठणकत होता, तरी बसले. पहिलं ताट माझ्यापुढं घेतलं. वाटीभर हुलगे, वरण, वरून ताक. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून पोरगी माझ्याकडं बघायली.

पहिला घास घशात अडकला. पाणी प्यायले. दुसरा बी अडकला. डोळ्यातनं पाणी गळायलंय, नाकातनं गळायलंय, ताटात पडायलंय, आन् मी आपली चावायलेय, चावायलेय. हुलगे कच्चेच राहिले होते जरा. ताट पुसून खाल्लं. मग पोरीपुढं तेवढंच वाढलं आन् ती संपवूपर्यंत तिथून हलले न्हाई.

जेवले मी. बसूच्या आधी, संगीताच्या आधी, घरातल्या सगळ्यांच्या आधी, पोटभर. ऐकायलाव ना? जिंकलाव तुमी. आता तरी घरी या.